आवाज कुणाच्या नावावर

माइकच्या टोपीला — त्या काळ्या, बोराएवढ्या स्पंजाच्या टोपीला — हळद लागली होती, आणि अपेक्षा ती नखाने खरवडत बसली होती. निघणार नाही हे कळत असूनही खरवडत होती. हळद कालच्या लोणच्याची असणार. काल?… छे, काल तिने माइक लावलाच नव्हता. परवाही नाही. श्रावणापासून तो नीटसा लागलाच नव्हता कधी. त्याआधी मात्र वर्षानुवर्षं तो तिच्या गळ्याखाली, मंगळसूत्राच्या वाट्यांशेजारी पदराला अडकवलेला असायचा, आणि काय काय ऐकलं होतं त्याने — फोडणीचा चर्र आवाज, अंबुबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, खोकला, पलीकडच्या बांधकामावर धाडकन पडणारे पत्रे… आता ओट्यावर तो नुसता पडलेला होता तरी तिला वाटलं, ऐकतोय. तिने बटण पाहिलं. बंद होतं. तरी तिने तो चहाच्या रिकाम्या डब्यात टाकला, झाकण घट्ट लावलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून झाकण पुन्हा सैल केलं.

"दुपारच्या चहाला येत्यात तळवड्याची माणसं," मारुतराव सकाळी म्हणाले होते. "बिस्किटं आण चांगली. आन् त्याच्या आधी म्हसोबाला नारळ फोडून ये. सहीचा दिवस हाय."

मारुतराव म्हणजे तिचे सासरे. ते बोलले की या घरात विषय संपतो. ओरडून नाही संपत, मायेनेच संपतो, आणि मायेने संपलेला विषय पुन्हा उकरायला जे तोंड लागतं ते अपेक्षाला चऱ्होलीच्या या घरात आजवर फुटलेलं नव्हतं. "बरं मामा," ती म्हणाली होती. दाराच्या चौकटीशी उभी राहून, खाली बघत, हळू. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी इतक्याच शब्दांत आणि इतक्याच आवाजात बोलत आली होती.

आणि गंमत पाहा — हीच ती व्हिडिओ चॅनलवरची 'मळ्यातली सून'! चाकणच्या कंपन्यांच्या बसमध्ये पहाटे पहाटे कानात इअरफोनची बोंडं खुपसून बसलेल्या पोरी जिला ऐकत, जी रोज सकाळी "उरकलं का गं बायांनो?" म्हणून त्यांना विचारायची आणि मग भाजी निवडता निवडता सासू, नवरा, नणंद, सुपरवायझर, सगळ्यांची बिनपाण्याने करायची, ती फटकळ, ठसकेबाज बाई म्हणजे ही. चेहरा तिने कधी दाखवला नाही. दिसायचे ते फक्त हात, बांगड्या, परात, विळी — मामांना चेहरा दाखवलेला आवडलं नसतं, आणि तिलाही ते बरंच वाटायचं. चेहरा नव्हता म्हणून तर तोंड सुटत होतं. परातीवर कॅमेरा लागला की ती तळेगावची बी.कॉम. झालेली, घाबरट मुलगी उरायची नाही; घशातून दुसरीच कुणी बोलायला लागायची, व्हय-न्हाई करत, हसत, शिव्या गिळत… त्या दुसरीची मला कधी भीती वाटली नव्हती. उलट तिचाच तर आधार होता.

"चॅनल कुणाच्या नावावर आहे ताई?" मिहिरने पहिल्या भेटीत विचारलेला हा पहिला प्रश्न. मिहिर तळवड्याच्या कंपनीचा. सभ्य पोरगा, बूट दाराबाहेर काढून आत येणारा. तेव्हा तिला बोलायची बंदी होती; तिने पाटीवर लिहिलं, घरचंच आहे की. त्याने मोबाइल नंबर पाहिला, पॅन पाहिलं, बँकेचं खातं पाहिलं — सगळं मारुतरावांचं. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मालक काकाच. सोपं झालं मग."

सोपं झालं… कुणाचं? या घराची रीतच ती. टेम्पो घेतला मारुतरावांच्या नावावर, विजेचं मीटर मारुतरावांच्या नावावर, तिच्या नवऱ्याची, शेखरची, त्याच्या पगारातून घेतलेली मोटारसायकलसुद्धा मारुतरावांच्याच नावावर. घरात कर्ता एक, नाव एक. चॅनल सुरू करताना तिने आपण होऊन विचारलं होतं, मामा, तुमचा नंबर टाकू का? आणि ते भोळेपणाने विचारलं नव्हतं, हीच तर खरी बोच होती. तिने डाव मांडला होता. सुनेने मोबाइलात बडबड चालवली म्हटल्यावर भावकी कान फुंकणार. तेच मारुतरावांच्या नावावर असलं तर कोण तोंड उघडणार? डाव अचूक बसला. मारुतरावांनी स्वतः मोबाइलच्या तिवईला हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात नारळ फोडला, आणि भावकीला सांगितलं, 'आपलं चॅनल निघालंय.' आपलं! त्या रात्री स्वतःच्या हुशारीवर ती इतकी खूश होती की झोप आली नव्हती. आता ते आठवलं की कानशिलं गरम होतात. त्यांना मालक मीच केलं, नारळही मीच आणून दिला…

श्रावणात आवाज गेला. एका सकाळी "उरकलं का" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर नुसती हवा आली. पिंपरीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात म्हणाले, बोलायचं बंद. काही आठवडे ती पाटीवर लिहून, खुणा करून राहिली. चॅनलवर हाहाकार माजला. बायकांनी नवस बोलले, कुणी ज्येष्ठमधाची पार्सलं पाठवली. घरात?… घरात काही फरकच पडला नाही. कुणी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं नव्हे, पण तिच्या गप्प असण्याने अडेल असं या घरात काही नव्हतंच. शेखरच्या तर दुसऱ्या दिवशी रात्री लक्षात आलं. "काय गं, आज बोलत नाहीस?" असं विचारून त्याने तिच्या गळ्यावरून हात फिरवला होता आणि शिफ्टच्या दमणुकीने तिथेच झोपी गेला होता. चांगला आहे शेखर. तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती, पण तेव्हा घशाचीच एवढी काळजी होती की बाकी काही सुचलं नाही.

मग मारुतरावांनीच ओळखीपाळखीतून मिहिरला आणलं. "एका माणसाच्या घशावर उभा असलेला धंदा म्हणजे धोका आहे काका," मिहिर समजावत होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. "माणूस आजारी पडला की धंदा आजारी पडतो. म्हणून आवाज माणसापासून मोकळा करायचा. ताईंना विश्रांती, चॅनल चालू. पुढे हाच आवाज कानडी बोलेल, हिंदी बोलेल, जाहिराती करेल." आवाज माणसापासून मोकळा करायचा — वासरू दाव्यातून सोडावं इतक्या सहज तो म्हणाला, आणि त्याने फोन टीपॉयवर ठेवला. तिचे सगळे जुने व्हिडिओ त्यांनी मशीनला ऐकवले होते. मशीन शिकलं होतं. आणि मग ते बोललं.

"उरकलं का गं बायांनो?"

बोलण्याआधी ती जो एक बारीक श्वास घ्यायची — तिला स्वतःलाही माहीत नसलेला — तोसुद्धा होता त्यात. अपेक्षा समोर बसली होती, ओठ मिटून, पाटी मांडीवर. तोंड बंद आणि आवाज बाहेर. आपण मेलो की काय, असं तिला क्षणभर खरंच वाटलं; मेल्यावर माणसाला असंच कुठूनतरी स्वतःचं घर दिसत असेल… आणि तेवढ्यात फोनमधली ती म्हणाली, "अगं आत्ये, चहा टाकू का गं?" आणि आतून, स्वयंपाकघरातून, अंबुबाईंनी ओ दिली —

"टाक की! इचारतीस काय?"

मारुतराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मिहिर हसला. अंबुबाई हात पुसत बाहेर आल्या, काय झालं ते कळल्यावर त्याही हसल्या, पण थोडं उशिरा. अपेक्षाने पाटीवर काही लिहायला पेन्सिल उचलली आणि कोपऱ्यात नुसती एक रेघ ओढली.

तर आज सही. तिने नारळ पिशवीत घातला, उदबत्ती घातली, चपला शोधल्या. म्हसोबा पूर्वी यांच्याच बांधावर होता. मळा बिल्डरला दिला तेव्हा मारुतरावांनी एवढी एक अट घातली, देव हलवायचा नाही. ती बिल्डरने पाळली. म्हसोबाला फरशी केली, कुंपण केलं, आणि भोवती इमारती उभ्या केल्या. सोसायटीला नावही 'मळा' असंच दिलं, इंग्रजी अक्षरांत. आता देवाला जायचं तर फाटकावर थांबावं लागतं. वरच्या कुठल्याशा मजल्यावरच्या अरुंधतीबाई भल्या आहेत, त्या आपल्या फोनवरून मंजुरी देतात. पण त्यांनी फोन बघेपर्यंत उन्हात उभं राहायचं.

फाटकावर नवा वॉचमन होता, मराठवाड्याकडचा, छातीवर ज्योतीराम अशी पाटी.

"आमचंच रान होतं हे," ती म्हणाली. हळूच म्हणाली.

"आसंल ताई. पर ॲपवर मंजुरी आल्याबिगर सोडलं की मला बोलत्यात. बसा की सावलीला."

ती बसली नाही. त्याच्या केबिनच्या खिडकीत फोन उभा करून ठेवलेला होता आणि त्यातून तिचाच आवाज येत होता. तिला धक्का बसला नाही. असं होतंच, किराणा दुकानात, बसथांब्यावर. नेहमी त्याचा थोडा आनंदच व्हायचा, लपून बसलेल्याला कुणी शोधलं नाही की व्हावा तसला. आवाज लोणच्याबद्दल बोलत होता. आत्याची बरणी, माझी बरणी. आत्याची बरणी वर्षभर टिकते, माझीला पंधरा दिवसांत बुरशी, कारण आत्या बरणीत हात घालताना कुणाचा विचार करत नाही आणि मी बरणीत हात घालते तेव्हा माझ्या मनात सगळं गाव असतं… अपेक्षाला हसू आलं. चांगलं वाक्य होतं. कधी बोललो आपण हे? गेल्या उन्हाळ्यात? त्याच्या आदल्या? बरणीबद्दल आपण…

बरणीबद्दल आपण कधीच बोललो नव्हतो.

"हा कधीचा आहे?" तिने विचारलं.

"आज सकाळीच पडलाय की. लई दिवसांनी आल्या ताई. घसा बसला हुता म्हने त्यांचा." ज्योतीरामने आवाज जरा वाढवला, तिच्यासाठी. "ऐका. लई भारी बोलत्यात."

तिने फाटकाची सळई धरली, आणि सळई तापलेली होती तरी सोडली नाही. सही व्हायच्या आधीच! पासवर्ड मामांकडे, मामांनी दिला असणार. तिच्यासारख्याच बांगड्या घातलेले कुणाचे तरी हात पडद्यावर कैऱ्या फोडत होते. खाली बायकांच्या ओळींवर ओळी सरकत होत्या: ताई आलात, जीवात जीव आला. आवाज अगदी पहिल्यासारखा झाला ताई. ताई, पहिल्यापेक्षा गोड झालाय… एकीलाही कळलं नव्हतं. एकीलाही! ज्या बाईने मला रात्रपाळीतल्या तिच्या फजितीपासून तिच्या गर्भपातापर्यंत सगळं लिहून कळवलं, तिलाही नाही. उद्या हा आवाज त्यांना वजन उतरवायचं चूर्ण घ्या म्हणेल आणि त्या घेतील. मी सांगते आहे म्हणून घेतील, आणि कुणाला काही झालं तर रात्री ज्याच्या कुशीत रडायचं तो आवाजही तोच असेल. पण तिला सगळ्यात जास्त भीती त्या बरणीच्या वाक्याची वाटली. ते वाक्य मी बोलले असते. कदाचित पुढच्या वर्षी, कदाचित उद्या. माझ्या मनात यायच्या आधीच ते त्यांनी बोलून टाकलं.

"हा माझा आवाज आहे," ती म्हणाली. का म्हणाली कोण जाणे.

ज्योतीरामने मान डोलावली, अगदी मनापासून. "व्हय की. आमच्या मंडळीलाबी आसंच वाटतं. म्हनती, ही बाई आपलंच बोलती." आणि फोनकडे बघून म्हणाला, "आली बघा मंजुरी. जावा."

म्हसोबापुढे नारळ एका घावात फुटला नाही. तिने काही मागितलंही नाही. मागायला शब्द जुळवावे लागतात, आणि मनातल्या मनात बोलतानाही कोणत्या आवाजात बोलावं ते तिला कळेना.

घरी येताना तिने शेखरला फोन लावला. मागे त्याच्या कारखान्यातल्या प्रेसचे दणके ऐकू येत होते. तो जेवणाच्या सुट्टीत होता, घास तोंडातच होता. त्यांनी माझ्याशिवाय टाकलाय व्हिडिओ, ती म्हणाली. "हां, आबा बोलले होते. ट्रायल आहे ना ती?" शेखर म्हणाला; मारुतरावांना तो आबा म्हणायचा. "अगं, तुझ्या घशासाठीच चाललंय सगळं. डॉक्टर काय म्हणाले विसरलीस का? परत गाठी आल्या तर? आबा बघतायत ना सगळं, तू कशाला टेन्शन घेतेस." त्याच्या आवाजात खरी काळजी होती, आणि ती ऐकून तिला रडू आलं, कारण या सगळ्यात रागवावं असं कुणी नव्हतंच. आपलेच दात, आपलेच ओठ. एखादा तरी वाईट माणूस यात असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. मिहिरसुद्धा बूट बाहेर काढतो.

दुपारी अंबुबाई अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. अपेक्षा शेजारी जाऊन बसली. तीही पाकळ्या मोकळ्या करू लागली, आणि अंबुबाई वर न बघता म्हणाल्या,

"सकाळचं लोणच्याचं तू न्हाई बोललीस, व्हय?"

"नाही आत्या."

"मला आधी वाटलं तूच. मग वाटलं मीच हाय का काय! बरणीचं मी म्हनले हुते कवातरी तुला, असंच, कुणाचा इचार नको म्हनून." अंबुबाई जराशा हसल्या. "तसं त्या मोबाइलात तू बोलतीस ते समदं माजंच की. उरकलं का गं — ते मी म्हनायची, पान्यावर. आता पानीच न्हाई ऱ्हायलं भरायचं. तू घेतलंस तर बरं वाटलं मला. जायाचंच हुतं, तुज्याकडं तरी गेलं."

लसणाचं टरफल बोटाला चिकटलं होतं ते निघेना. हे अपेक्षाला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? नवी नवरी होऊन आली तेव्हा या बाईचं बोलणं ती चोरून ऐकायची; हौदापाशी, जात्यावर नाही पण मिक्सरवर, भाजीवाल्याशी हुज्जत घालताना. परातीपुढे बसून घशातून जी दुसरी बोलायची ती कोण होती हे तिला माहीत होतं, फक्त तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. मग आज मी कशासाठी घाबरले आहे? कुणाचं काय जाणार आहे? मारुतरावांच्या नावावर, अंबुबाईंच्या बोलीत, मशीनच्या घशातून… यात मी कुठे आहे?

"पर त्या दिशी," अंबुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात थांबला, "तो पोरगा आलता त्या दिशी, मी आतून ओ दिली ना… मला लई ग्वाड वाटलं हुतं. म्हनलं पोरीनं कशी हाक मारली. मग कळलं मशीन हाय. तू अशी हाक मारतीस कुठं मला? मोबाइलात 'आत्ये' म्हनतीस, 'अगं-तुगं' करतीस. घरात आपलं 'आत्या'. खाली बघून. मला वाटायचं, हितं पन म्हनंल कवातरी."

अपेक्षाने वर पाहिलं. अंबुबाईंच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. त्यांनी सोललेला लसूण वाटीत भरला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि बिस्किटं काढायला आत गेल्या. त्या गेल्यावर अपेक्षाने ओठ हलवून पाहिले — आत्ये — आवाज न करता. ओठ जड झाले होते, दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर होतात तसे.

मिहिर वेळेवर आला. बूट काढले, पाणी घेतलं, अंबुबाईंना वाकून नमस्कार केला. मारुतरावांनी धुतलेला सदरा घातला होता. मळ्याच्या सहीला घातला होता तसलाच पांढरा. कागद टीपॉयवर होते. त्यात काय आहे ते मिहिरने सरळ, काही न लपवता सांगितलं: चॅनल, नाव, जुने सगळे व्हिडिओ आणि आवाज कंपनीचे, घरच्यांना दरमहा ठरलेलं मिळेल, ताईंना वाटलं तर त्याही बोलू शकतात, कंपनीला विचारून.

"विचारून," अपेक्षा मनात म्हणाली. ॲपवर मंजुरी आल्याबिगर.

"सही मालक म्हणून काकांची. ताईंची फक्त संमती लागेल, तोंडी चालेल, आवाज त्यांचा म्हणून. मी रेकॉर्ड करून घेतो."

"तिची संमती काय, घरचीच हाय ती," मारुतराव म्हणाले आणि तिच्याकडे बघून हसले. "सकाळचं तुला सांगितलं न्हाई पोरी, रागावू नगं. लोकान्ला फरक कळतो का बघायचं हुतं. कुनाला कळला न्हाई. आता तुला घसा ताणायला नगं. माझ्या डोळ्यांदेखत तू पाटीवर लिहीत हुतीस, मला बघवायचं न्हाई." हे बोलताना त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. मग तो भरलेला आवाज लपवायला त्यांना थट्टा सुचली. "मिहिरसाहेब, तुमच्या मशिनीला कायबी बोलायला लावता येतं का?"

"काहीही. टाईप केलं की बोलतं."

"मग लिवा: मामा, माजी कायबी हरकत न्हाई. करा सही."

मिहिर हसला, अंगठ्यांनी भराभर लिहिलं. फोनने तो बारीक श्वास घेतला. "मामा, माजी कायबी हरकत न्हाई," अपेक्षाचा ठसकेबाज, हसरा, लाखो बायकांचा लाडका आवाज खोलीभर घुमला. "करा की सही!"

"घ्या!" मारुतरावांनी मांडीवर थाप मारली. "झाली संमती!"

हसू खोलीतून फिरून तिच्यापाशी आलं आणि थांबलं. सगळे तिच्याकडे बघत होते, तीही हसेल म्हणून. हसायला हवं होतं. थट्टाच होती. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती — हो म्हणून झालं. माझ्या आवाजात, माझ्या घरात, माझ्यासमोर हो म्हणून झालं, आणि खोलीत कुणालाही ते खोटं वाटलं नाही. आता मी काही म्हटलं तर ते दुसऱ्यांदा म्हटलेलं असेल.

"ताई, नाव सांगा आणि 'माझी हरकत नाही' एवढंच म्हणा," मिहिरने दुसरा फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर एक लाल ठिपका उघडझाप करत होता.

तिने ती दुसरी शोधली. परातीपुढची, फटकळ. ती असती तर म्हणाली असती, अरं जा की बाबा, हरकत न्हाई म्हनं! मामा, तुमी गप बसा जरा! — किती सोपं होतं ते, किती वेळा दुसऱ्यांच्या सासऱ्यांना तिने असं सुनावलं होतं. पण ती टीपॉयवर होती. ती आत्ताच बोलून गेली होती. त्या आवाजात आता तोंड उघडलं तर सगळे फोनकडेच बघतील… घसा चाचपून पाहावा तसं तिने आत आत पाहिलं, आणि तळाशी जे सापडलं ते एवढंसं होतं: तळेगावच्या शाळेत हजेरीला 'हजर' म्हणणारी मुलगी, इतकी हळू की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

मारुतरावांचं बिस्किट चहात बुडत होतं. मिहिर पडद्याकडे बघत होता, भुवया जवळ घेऊन. "सॉरी ताई, आवाजाची पट्टी हललीच नाही. आवाज आला नाही वाटतं. जरा मोठ्याने, परत एकदा?"

"बोल गं पोरी," मारुतराव म्हणाले, पेनचं टोपण काढत. "घरच्यांपुढं कसली लाज?"

त्यांनी ऐकलं होतं? ऐकून हा एक रस्ता मोकळा ठेवला होता की खरंच ऐकू गेलं नव्हतं? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. दारात अंबुबाई उभ्या होत्या, ट्रे हातात, आणि त्या हसत नव्हत्या. त्यांनी ऐकलं होतं.

सकाळपासून छातीवर बसलेली ती भीती — ते माझा आवाज नेतील — तिने चाचपून पाहिली, तर तिच्या जागी निराळीच भीती येऊन बसली होती, जास्त जवळची, जास्त खरी. मगाशी तोंडातून आला तो बारीक, कापरा आवाज मशीनकडे नव्हता. चॅनल सुरू झाल्यापासून एकाही व्हिडिओत तो नव्हता. अंबुबाईंकडून घेतलेला नव्हता. मारुतरावांच्या नावावर चढवायचा राहून गेला होता. एवढाच काय तो माझा. आणि त्याच्याच बळावर इथून पुढे या घरात, या माणसांसमोर, भाजीत मीठ कमी आहे इथपासून मला हे मान्य नाही इथपर्यंत सगळं बोलायचं…

लाल ठिपका उघडझाप करत होता. तिने श्वास घेतला. आवाज मोठा करायचा म्हणजे कसा, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.